मंगलच्या गुडघ्यांना माझी गोळी

सोम., १५ सप्टें., कुंडल
मंगल आज जिना बसून उतरली. दुखणं मारायच्या गोळ्यांनी पोटात आग पडते, त्या बंद. ऑपरेशनचं नाव काढलं तर म्हणते, "मी काय बैल हाय, नाल ठोकायला?"

गुरु., १८
पुतण्यानं मोबाईलवर बातमी दाखवली. मेटफॉर्मिन, साखरेची जुनी गोळी, गुडघेदुखीवर चालते का ते डॉक्टर तपासतायत. काहींना उतार पडला म्हणे. मला साखर दहा वर्षं. माजी सैनिकांच्या दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या कायम शिल्लक. गल्लीत कुणाचं काही दुखलं की फौजीचा डबा उघडतोच. उद्यापासून मंगलला रोज सकाळी एक.

रवि., २१
मंगल म्हणाली, "लय हलकं वाटतंय." मी मिशीला पीळ दिला.

सोम., २२
घट बसले. हिचे नऊ दिवस उपवास. दुपारी थोडी भगर, बस्स. गोळी मात्र सकाळीच. हुकूम म्हणजे हुकूम.

बुध., २४
आरतीला हिचे हात थरथरत होते. घामानं पदर भिजला. बायका म्हणाल्या, अंगात येतंय. दोघी पाया पडल्या. मला बरं वाटलं नाही, पण देवीच्या कामात कोण बोलणार?

शुक्र., २६, सांगली
सकाळी घरी घटापुढं मंगलनं मला विचारलं, "तुमी कोण?" बायकांनी मळवट भरला, ओटी भरली. मीही हात जोडून उभा. पंधरा मिनिटं तरी. मग ती आडवी झाली.
इथं दवाखान्यात आणली, तर साखर पार तळाला गेलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बातमीतली गोळी वेगळी. तुमच्या गोळीत जोडीला दुसरं औषध आहे, ते साखर पाडतं. उपाशीपोटी देत होतात?"
पट्टीवर दोन नावं छापलेली. फौजेत सोळा वर्षं स्टोअर सांभाळलं, खोका न वाचता कधी उचलला नाही. माझीच लाज वाटते.

शनि., २७
मंगल शुद्धीवर. चहा पिता पिता एकदम कप खाली ठेवला.
"आवं, अक्काला फोन लावा!"
अक्का म्हणजे हिची थोरली बहीण. मेढ्याला एकटी असते. गुडघे तसलेच, उपवासही तसलेच. रविवारी येऊन गेली तेव्हा हिनं मला न विचारता माझ्या दोन पट्ट्या तिच्या पिशवीत घातल्या.
अक्का फोन उचलत नाही. शेजाऱ्याला लावला. "दार आतनं लावलंय. लय हाका मारल्या, ओ न्हाई."
म्हटलं, फोड दार.
हाताला काम हवं म्हणून लिहितोय. फोन कानालाच आहे. पहार आणायला गेलाय. मंगल विचारते, "काय म्हणतोय?" आता दाराच्या फळीवर पहिला घाव ऐकू आला.