दारातला वाघ

वरसावे पाडा,
फेब्रुवारी १९९१

लखमादादा,

तू गुजरातेत वीटभट्टीवर गेलास, पत्ता दिला नाहीस. हे पत्र घरातल्या डब्यातच राहणार. तरी लिहितेय, कारण मला घरात भीती वाटतेय.

आत्याला लकवा मारला, वाचा गेली. रेडिओसाठी गोष्टी गोळा करणाऱ्या राजश्रीताईंनी दिलेला टेप आणि आत्याच्या आवाजाची कॅसेट तेवढी आहे. आत्या बोट दाखवते, की मी तिचीच गोष्ट लावते. टेपमधली आत्या दम देते, "हं म्हण रे! हं केल्याबिगर गोष्ट पुढं न्हाय जायची." मग तुझा हं येतो. गोष्टीत झोपडीत पोर एकटी, वाघ दाराला पंजा लावतो, आणि कॅसेट खटकन संपते. गोष्ट भरली त्या दिवशी मी दुसरी कॅसेट आणायला नया नगरच्या दुकानात धावले होते. मी येईपर्यंत आत्यानं गोष्ट संपवली; आपल्या दोघांत शेवट तू एकट्यानं ऐकलास.

रोज वाघ तिथंच थांबतो. आत्याचे डोळे आपल्या दाराकडे लागतात. गोष्ट अर्धी सोडली की वाघ सांगणाऱ्याच्या घरी येतो, असं तीच म्हणायची ना? काल आपलं कुत्रं नाहीसं झालं.

आज कॅसेट संपल्यावर मीच मनानं सांगायला लागले. "पोरीनं चुलीतलं जळतं लाकूड उचललं," म्हटलं आणि अडले. तर आत्याच्या वाकड्या तोंडातून आवाज आला, "हं."

दादा, पुढचं मला सुचत नाही. ती वाट बघतेय. आता गोष्ट सांगणारी मी आहे.

दाराला कडी घालून बसलेली,
तुझी जिवली