आभाळातला तांडेल

मु. पो. कुणकेश्वर, ता. देवगड
ता. ३० ऑगस्ट २००९

चि. सर्वेश यास,

आशीर्वाद दिला असं समज. तब्येत, तिकडचा पाऊस, खानावळ, सगळं मागाहून विचारते. आधी हे सांग, कोणाला विचारून तू माझा आवाज तुझ्या त्या गाण्यांच्या तबकडीत घातलास?

शिमग्यात तुझा फोन आला होता. म्हणालास, "आई, मी लहान असताना वाळूवर खेळायचो, तेव्हा जेवायला हाक मारायचीस ना, तशी एकदा मार." मला वाटलं पोराला घर आठवलं. खळ्यात उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडले, "ये रे झिला, घरा ये, जेवूक ये!" वाडीतली कुत्री भुंकायला लागली. बाळाकाका पडवीतून म्हणाला, "वयनी, फोन ठेव गो, तुझी हाक पुण्यात अशीच पोचता." सगळे हसले. मीही हसले.

आणि आता तीच हाक तुझ्या दुसऱ्या तबकडीत अगदी शेवटी. विहिरीत घागर पडावी तशी घुमते आहे. आणि मी हाक मारते आहे कोणाला? तुझ्या गोष्टीतल्या त्या आभाळातल्या तांडेलाला. मी तुला हाक मारली होती, सर्वेश. तू ती त्याला लावलीस. आईच्या हाकेने तू आला नाहीस तो नाहीसच, वर ती हाक दुसऱ्याच्या पाठी धाडलीस.

चतुर्थीला अख्ख्या वाडीतली पोरं आली. आमच्याकडे पुठ्ठ्याच्या खोक्यातून तुझ्या दोन तबकड्या आल्या. आरतीला झांज कोण धरणार विचारत होते. मी म्हटलं, माझा मुलगा यंदा खोक्यातून आलाय, त्यालाच काढा बाहेर.

बरं. खरं काम सांगते, ते नीट वाच. बाकीचं वाचलं नाहीस तरी चालेल.

सप्टेंबरच्या अठरा तारखेला सर्वपित्री अमावास्या आहे. त्या दिवशी तुझ्या बाबांचं करायचं ठरवलंय. देह मिळाला नाही तर दर्भाचा आणि पळसपानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात. भटजींशी बोलणं झालंय. अग्नी मुलाने द्यायचा. फोनवर तुला हे सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "बघू." तुझं "बघू" मी ओळखते. चतुर्थीलाही "बघू"च होतं. बाळा म्हणतो, "वयनी, पोराक कित्याक ओढतंस, दादाचा मी करतंय." मी नाही म्हटलं. मुलगा धडधाकट असताना भावाने का करायचं?

आता तुझ्या तबकडीबद्दल. ऐकली नाही असं समजू नकोस. चार वेळा ऐकली. आपल्याकडे यंत्र नाही म्हणून राधाबाईकडे गेले. तिच्या योगिनीने कॉलेजसाठी कॉम्प्युटर घेतलाय. पहिल्या दिवशी सोबत मिठाचे बांगडे घेऊन बसले, म्हटलं हात तरी चालू राहतील. तुझं एक गाणं सुरू झालं ते माझी पाटी साफ करून झाली तरी चालूच. योगिनीला विचारलं, हे अडकलंय का? ती म्हणाली, "काकी, बावीस मिनिटांचा आसा ता." तो ढोल बडवणारा तुझा मित्र, त्याला जेवायला देता ना रे वेळेवर? फारच रागाने मारतो. पण ते मधलं, नुसती बासरी वाजते आणि खाली काहीतरी घुंऽऽ करत राहतं, ते मात्र बरं आहे. राधाबाईपण गप्प बसून ऐकत होती, आणि ती गप्प बसत नाही हे तुला माहीत आहे.

योगिनी म्हणाली, याला रॉक ऑपेरा म्हणतात, अख्खी गोष्ट गाण्यांतून सांगायची. मी म्हटलं, मग दशावतार म्हण की, त्यात नवीन काय? तिथेही पात्र गातं, पेटी-पखवाज चालतो, आभाळातून देव उतरतात, पाताळातून राक्षस येतात, आणि कोणाच्या हातात कागद नसतो. तुम्ही तिघांनी दोन वर्षं खोलीत बसून जे केलं, ते आपल्याकडे जत्रेला एका रात्रीत उभं राहतं. बाळा तर तुझ्याबद्दल म्हणाला, "ह्याका मुकुट घातलो आसतो तर बरो दिसलो आसतो."

गाणी निम्मी इंग्रजी, त्यामुळे तू मराठीत लिहून पाठवलेली गोष्ट योगिनीने वाचून दाखवली. पृथ्वीवरचा दर्या चढत चालला, गावं बुडायला लागली. म्हणून होडी हाकणाऱ्या एका तांडेलाला आभाळातल्या आगबोटीत बसवून दुसरं पाणी, दुसरा किनारा शोधायला धाडतात. ती आगबोट उजेडाच्या वेगाने पळते, म्हणून आत बसलेल्याचं वय वाढत नाही. इकडे मुलगा म्हातारा होतो, रोज यंत्रावरून बापाला हाका मारतो, आणि तिकडे बापाला वाटतं, अजून तासभरच झालाय.

हे सगळं मला कळलं. मी तिसरी शिकले असेन, पण दर्यावर गेलेल्या माणसाची गोष्ट मला कोणी समजावून द्यायला नको.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. एक म्हणजे शेवट. दशावतारात राक्षस मेला की मेला, दहीकाला होतो, लोक प्रसाद तोंडात घालून घरी जातात. तुझं संपलं तरी आम्ही तिघी तशाच बसून राहिलो. तांडेल मेला की जिवंत? किनारा मिळाला की नाही? माझी हाक घुमते, आणि पुढे नुसतं घुंऽऽ. माणसाला असं अधांतरी लटकवून ठेवू नये रे.

दुसरी गोष्ट म्हणजे, तुझा तांडेल एकटा कसा? एकट्याने कोण जातं दर्यावर? जाळं ओढायला चार माणसं लागतात. योगिनीला म्हटलं, परत बघ, राहिलं असेल वाचायचं. ती म्हणाली, "नाय काकी, एकलोच आसा." मग तिने कागद घडी करून ठेवला. तिचा बाप परशुराम तुझ्या बाबांच्याच होडीत होता ना. तिला काय वाटलं असेल, विचार केलास?

उरलेले तीन तू का वगळलेस ते मला चौथ्यांदा ऐकताना कळलं. म्हणून हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. योगिनीकडून लिहून घेतलं असतं तर अक्षर सुबक आलं असतं, पण यापुढचं तिच्या कानावर जायला नको.

तुझं तिसरं गाणं. आगबोट सुटणार, तेवढ्यात किनाऱ्यावरून मुलगा पाठमोऱ्या बापाला हाक मारतो. बाप वळून बघतो, हात चुकतो, आगबोट वाट सोडते, आणि मग ती कधीच परत येत नाही. योगिनीला यात काही दिसलं नाही. मला दिसलं. अकरा वर्षांपूर्वी नारळी पुनवेनंतर होड्या सुटल्या, तेव्हा तू ओल्या वाळूवरून पळत गेलास आणि "बाबा!" म्हणून ओरडलास. दर्यावर निघालेल्याला पाठीमागून हाक मारू नये हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मारली तर त्याने मागे यावं, बसावं, घोटभर पाणी प्यावं, मग निघावं. ते मागे आले नाहीत. भरती उतरत होती, बाकीचे तिघे होडीला खांदा लावून उभे होते.

होडी आली नाही तेव्हा आपल्या पडवीत बायका जमल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "पोरान पाठसून हाक मारल्यान, म्हणान झाला." मी तिला तिथल्या तिथे झाडली. मला वाटलं, तू आत झोपलायस. तू दाराआड होतास, होय ना? ऐकलंस. आणि एवढी वर्षं पोटात ठेवलंस. बारावीनंतर पुण्याला पळालास ते परत राहायला म्हणून आला नाहीस, आलास तरी वाळूवर पाय ठेवत नाहीस. मी समजत होते, शहराचं वारं लागलं.

आता माझं ऐक. परशुरामला कोणी हाक मारली होती? योगिनी तर तेव्हा आजोळी होती. बाकीचे दोघे, त्यांच्या पाठी कोणी ओरडलं होतं? ते का नाही आले? वारा फिरला तो चौघांच्या डोक्यावरून फिरला, बाबू. त्या दिवशी देवगडच्यासुद्धा दोन होड्या गेल्या. सगळ्यांच्या किनाऱ्यावर काय तू एकटाच उभा होतास? म्हणून तू त्या तिघांना आगबोटीत चढूच दिलं नाहीस. चौघे असते तर तुझ्या हाकेचं गाणं उभंच राहिलं नसतं.

आणखी एक. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, राधाबाईला तर नाहीच नाही. होड्या सुटल्या तेव्हा तीही माझ्या शेजारी उभी होती. तिने आपल्या घोवाची, परशुरामची, पाठ बघितली, तेवढीच. तू ओरडलास, म्हणून तुझे बाबा वळले. हसले. डाव्या हाताने डोक्याचा फडका सारखा केला आणि "जा घरा" म्हणून मान हलवली. तो चेहरा मला तुझ्यामुळे मिळाला. नाहीतर माझ्याकडेही पाठच राहिली असती. राधाबाई परशुरामचा चेहरा आठवायला फोटो बघते. मला फोटो लागत नाही.

हे तुला आधीच सांगायला हवं होतं असं म्हणशील. तू कधी विचारलंस? आणि तुझ्या पोटात काय आहे ते मला तबकडी ऐकून कळायचं होतं?

तुझ्या गोष्टीतला तो वय न वाढण्याचा भाग मला सगळ्यात जास्त लागला. मी तो सारखा डोक्यात घोळवते आहे. मासे विकताना, चुलीपाशी. ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे होते. छत्तिसाव्या वर्षी गेले आणि तिथेच थांबले. मी पंचेचाळीसची झाले. केस पिकले, गुडघा धरतो, चष्मा लागला. म्हणजे आता मी त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. मनातल्या मनात मी अजून त्यांना अहो म्हणते, आणि ते माझ्यासमोर धाकट्या भावासारखे उभे राहतात. उद्या खरोखरच दारात येऊन उभे राहिले तर म्हणतील, "आये, नर्मदा खंय आसा?" हसू नकोस. काल पाटी उतरवताना हे मनात आलं आणि मी मासळी बाजारातच बसून राहिले. गिऱ्हाईक भाव विचारून कंटाळून निघून गेलं.

राधाबाईने परशुरामचं तिसऱ्याच वर्षी केलं. मी लोकांना सांगत आले, माझा मुलगा लहान आहे, मोठा होऊ दे. तू मोठा होऊन किती वर्षं झाली? पण पुतळ्याला अग्नी दिला की त्यानंतर काय काय उतरवावं लागतं ते तुला ठाऊक आहे. जत्रेला कासार आला की बायका मला बोलावतात, माझा हात पुढे धरतात. बस, याहून जास्त लिहीत नाही. कळलं तर कळलं.

मी मात्र ठरवलंय. त्यांना आता उतरू दे. तुझ्या गोष्टीत हवं तर फिरव त्यांना आभाळातून, तुझी तबकडी बदल असं मी म्हणत नाही. लोकांना ती आवडते आहे, योगिनीने मैत्रिणींना ऐकवली. पण इथे, या किनाऱ्यावर, त्यांना पाणी मिळालं पाहिजे, आणि ते तुझ्या हातून. तुला ओल्या वाळूवर उभं राहायला भीती वाटत असेल तर मी तुझा हात धरीन. बाळा असेल, राधाबाई असेल. लहानपणी तुला धरून लाटेत नेलं, तेव्हा बोंबलला होतास, पण गेलास ना?

इकडे पाऊस उघडला आहे. बांगडा बरा लागतोय. आंब्याच्या खोडाला वाळवी लागली होती, ती खरवडून काढली. तुझी जुनी सायकल बाळाने दुरुस्त केली, तोच फिरवतो.

उत्तर फोनवर नको. फोनवर तू "हो हो" म्हणतोस आणि मागे तो ढोल चालूच असतो. दहा तारखेच्या गुरुवारपर्यंत तुझ्या अक्षरात कागद माझ्या हातात पडला पाहिजे. येतो किंवा येत नाही, दोनांतलं एक. "बघू" लिहिलंस तर येत नाही असंच धरीन. आणि तू नाही म्हणालास तर बाळाला सांगणार नाही, अग्नी मीच देईन. भटजी काय म्हणायचं ते म्हणोत, गाव काय बोलायचं ते बोलो. पण मग तुला जन्मभर माहीत राहील की तुझ्या बापाला किनाऱ्याला कोणी लावलं.

गुरुवारपर्यंत. टपालवाला दुपारी येतो, मी दारात असेन.

तुझी आई,
अठरा तारखेपर्यंत सौ. नर्मदा दत्ताराम कुबल