टेबलावरचा उजेड

७ एप्रिल
नोकरीचा पहिला दिवस! सीताबर्डीत, कापडाच्या दुकानामागे वामनराव सरांचं विम्याचं ऑफिस आहे. खोली लहान, खिडकी एकही नाही, पण टेबल माझं एकटीचं. आईने सकाळी बुद्धवंदना झाल्यावर डब्यात शिरा भरून दिला. सोबतीला गोपिकाताई आहेत, इथल्या खूप जुन्या. जुनी ट्यूबलाइट सारखी फडफडते, म्हणून सरांनी पहिलंच काम दिलं, नवे एलईडी दिवे निवडायचे. घरी साधा पडद्याचा रंगही मला कधी कुणी विचारला नव्हता.

९ एप्रिल
व्हरायटी चौकाजवळच्या दुकानात बराच वेळ घालवला. दुकानदाराने तीन प्रकारचे उजेड भिंतीवर पाडून दाखवले. पिवळ्यात डुलकी येईल, निळसर पांढऱ्यात माणसं आजारी दिसतात. खिडकी नसलेल्या खोलीला मधला बरा, सकाळी दहाच्या उन्हासारखा. दुधी काचेचा घेतला तर कॉम्प्युटरवर चमक पडत नाही. छतासाठी दोन चौकोनी पॅनल घेतले. बसवून झाल्यावर सर दारातच थांबले, म्हणाले, ऑफिस आज ऑफिससारखं दिसतंय.

१५ एप्रिल
काल जयंतीची सुटी होती. आज येऊन बघते तर माझ्या डोक्यावरचं पॅनल मंद. दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिलं. दुपारपर्यंत नवंही मंदावलं. इलेक्ट्रिशियनला वायरिंगमध्ये काही सापडलं नाही. मग त्याने दोन्ही पॅनलची अदलाबदल केली. माझं मंद पॅनल गोपिकाताईंकडे जाऊन लख्ख पेटलं. त्यांचं माझ्याकडे येऊन विझत गेलं.

२२ एप्रिल
शेवटी जास्त वॉटचा, निळसर पांढराच आणला. दिवा इतका प्रखर की वर बघवत नाही. तरी उजेड टेबलापर्यंत पोचत नाही. मध्ये कुणीतरी उभं असावं तसा अडतो.
आज गोपिकाताई बोलल्या. माझ्या खुर्चीवर आधी सुमती नावाची बाई बसायची. गेल्या उन्हाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी लाइट गेली. आत अंधार बघून सगळे गेले असं सरांना वाटलं, त्यांनी शटर ओढलं. सोमवारी ती टेबलाखाली मेलेली सापडली.
मला आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं.
"सांगितलं असतं तं तू बसली असती का वं तिथं?" ताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "कोणाले तं बसाच लागन ना."

२५ एप्रिल
नोकरी सोडली. रात्री जेवताना आईने माझ्या ताटात पोळी वाढली आणि तिथेच बसून राहिली.

२८ एप्रिल
जरीपटका वस्तीतल्या आमच्या स्वयंपाकघरात मी पाऊल ठेवलं की दिवा मंदावतो. आई म्हणते, व्होल्टेज कमी आहे. मी बाहेर आले की तो पुन्हा नीट होतो. हे तिनेही पाहिलंय.
डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डोळे ठीक आहेत म्हणाले. तपासताना त्यांनी टॉर्चचे सेल बदलून पाहिले.

२ मे
ऐन दुपारी अंगणात उभी होते. सगळीकडे ऊन, माझ्याभोवती हातभर संध्याकाळ. आईने हात धरला आणि लगेच सोडला. मग पुन्हा धरला. रडत होती.

३ मे
आता घरातलं काहीच — आईचा चेहरा फक्त आवाजावरून.

४ मे
दुपार असावी. अंगणात खाटेवर बसलेय. ऊन अंगाला चटकतंय, दिसत नाही. अक्षरं अंदाजाने —
हात पुढे केला. भिंत. अंगणात इथे भिंत नाही. मागेही. डोक्यावर टेबलाची फळी —
ऊन लागायचं थांबलं.
आई हाका मारते आहे. "मेघा, कुठं गेली वं? आत्ता तं इथंच बसून होती." मी ओ देते. ओरडून देते. तिला —
लांब गेला आवाज.
शेजारी कुणीतरी श्वास घेतंय. सावकाश. तिने माझा हात धरलाय. म्हणते, डोळे ताणू नकोस, त्यानेच जास्त त्रास होतो, मी सांगते तसं कर, आधी —