विशालच्या नावाने केलेल्या दुरुस्त्या

२ सप्टेंबर २०२५, सौंसर

आज नऊ पानं. कमांडचं नाव ठळक, वापरणाऱ्याने स्वतः भरायचा शब्द तिरका — हा या पानांचा नियम. कुणीतरी सगळंच ठळक करून ठेवलं होतं. सगळंच ठळक केलं तर ठळक काय राहिलं? प्रेसमध्ये असं प्रूफ आलं असतं तर कंपोझिटरला टेबलापाशी बोलावून झापलं असतं.

खाली नाव घातलं — विशाल. पाठवून दिलं.

चारला मार्टाचं उत्तर. 'प्रिय विशाल, सुंदर काम.' दोनदा वाचलं.

४ सप्टेंबर

कुसुम विचारते, "काय करून राहिले जी दिवसभर पोराच्या कम्प्युटरवर?" म्हटलं, प्रूफं तपासतो. खोटं नाही! कुणाच्या नावाने तपासतो ते सांगितलं नाही. तिला इंग्रजी येत नाही, ते बरं आहे.

इथे तरी खरं लिहावं. विशाल सोळा जानेवारीला गेला. लोधीखेड्याच्या रस्त्यावर कापसाची ट्रॉली उभी होती, मागे ना दिवा ना लाल पट्टी. एकोणतीस वर्षांचा होता. नोकरी एका कंपनीत, पण जीव या पानांत. जगभरची माणसं मिळून फुकट सॉफ्टवेअर करतात, आणि ते कसं चालवायचं हे सांगणारी ही माहितीची पानं. पगार नाही, काही नाही. एकतीस वर्षं नागपुरात प्रूफं वाचून मी सौंसरला परत आलो तेव्हा म्हणाला, "बाबा, तुमच्यासारखा डोळा कोणापाशी नाई. मले दाखवत जा." मी छापील कागदावर पेन्सिलीने खुणा करायचो — रेघा, मोकळी जागा, ठळक, तिरकं. तो त्या मशीनवर उतरवायचा. चार वर्षं. दोघांचं काम त्याच्या नावाने जायचं. मीच म्हणायचो, माझं नाव कशाला.

तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात कम्प्युटर उघडला. पोलंडच्या मार्टाचं पत्र येऊन पडलं होतं. या पानांची ती प्रमुख. 'विशाल, ही पाच पानं बघशील?' बघितली. त्याच्या नावाने पाठवली. तिने त्याचे आभार मानले. झालं! पोलंडात बसलेल्या एका बाईपुरता माझा मुलगा जिवंत आहे. मला तेवढं पुरतं.

९ सप्टेंबर

एक्केचाळीस पानं एका दमात. जिकडे तिकडे दोन-दोन बारक्या रेघा! टायपिस्टची जुनी खोड. प्रेसमध्ये अशा दोन रेघा दिसल्या की आम्ही तिथे एक लांब रेघ टाकायचो. सगळ्या लांब केल्या. पानं कशी देखणी दिसायला लागली. मार्टा सुट्टीवर आहे, पण विशालचं काम न तपासता आत घ्यायची मुभा आहे. इतका विश्वास कमावला होता त्याने.

२० सप्टेंबर

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली, माझी एक्केचाळीस पानं तिच्यासोबत. कुसुमने विचारलं, "आज लय खुश दिसून राहिले?"

२३ सप्टेंबर

या कामातले सगळे एकमेकांची पत्रं वाचतात अशी एक यादी आहे. तिथे आज आग लागली. पानातली कमांड उचलून कम्प्युटरला दिली तर चालतच नाही. मशीनला त्या दोन बारक्या रेघाच लागतात. लांब रेघ त्याला कळत नाही. एक्केचाळीस पानं!

एकाने लिहिलं, 'विशाल, पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हे करणार नाही.' दुसऱ्याने — 'विशालची मुभा काढून घ्या.' तिसरा नुसता हसला.

जेवलो नाही.

२४ सप्टेंबर

चार वर्षांचे जुने कागद काढून बसलो. माझ्या पेन्सिलीच्या खुणा. त्या दोन रेघांवर मी तेव्हाही खुणा केल्या होत्या, जागोजागी! आणि विशालने पाठवलेल्या पानांत रेघा जशाच्या तशा — दोन. म्हणजे माझ्या तेवढ्या खुणा तो गाळायचा. चार वर्षांत एकदाही म्हणाला नाही, बाबा, हे तुमचं चुकलं. मी रुबाबात शिकवत बसायचो आणि तो मान हलवायचा.

न्हाणीत नळ सोडून रडलो. पुष्कळ रडलो.

२६ सप्टेंबर

विशालचा फोन मी रोज चार्ज करतो. आज वाजला. ऋषिकेश म्हणून नागपूरचा मुलगा, याच कामातला.

"विशालभाऊ आहे का?"

"बाहेर गेला."

"काका, त्याले सांगा, लोकं लय बोलून राहिले. एकडाव येऊन काय झालं ते सांग म्हणा. मी भांडून राहिलो सगळ्यायशी, का विशालभाऊ असा नाई."

"सांगतो."

सांगतो म्हणालो! कुणाला?

२ ऑक्टोबर

धम्मचक्र दिन. वस्तीतून गाड्या भरून लोक नागपूरला गेले. आम्ही गेलो नाही. पांढुर्ण्याहून सोनाली आली होती. "बाबा, वाळून गेले तुमी," म्हणाली. मी म्हटलं, उन्हाने. लेकीने आईकडे पाहिलं फक्त.

दिवसभर एकच घोळतं आहे. खरं सांगितलं तर विशालच्या नावावरचा डाग जाईल, पण 'प्रिय विशाल' म्हणणारं जगात कुणी उरणार नाही. नाही सांगितलं तर तो तिथे जिवंत राहील — बिनडोक म्हणून. माझ्या चुकीपायी.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेचं प्रूफ मीच वाचलं होतं. गेलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात ते 'कालकथित' आलं, आणि डोळा पुढे सरकेना. प्रेसवाल्याला वाटलं काही चुकलंय. "बरोबर हाय ना काका?" बरोबर आहे, म्हणालो.

५ ऑक्टोबर

लिहिलं. खोडलं.

६ ऑक्टोबर

परत तेच.

८ ऑक्टोबर

सकाळी अकराला पाठवलं. सगळ्यांना.

'एक्केचाळीस पानांतली चूक माझी आहे. मी विशालचा बाप, वामन. विशाल सोळा जानेवारीला अपघातात वारला. त्यानंतरचं सगळं काम मी त्याच्या नावाने केलं. त्याच्या हातून हे कधीही झालं नसतं. तो होता तोवर माझ्या चुका तोच अडवत होता. त्याला बोलू नका.'

एकतीस वर्षांत न वाचलेल्या प्रूफावर मी सही केली नाही. आणि आठ महिने पोराची सही करत बसलो. लाज वाटते. पण परत संधी दिली तर परत करेन, हेही खरं.

जानेवारीत खांदा दिला, सगळं पार पाडलं. पण मला वाटतं, तो आज गेला.

९ ऑक्टोबर

ऋषिकेशचा फोन. "काका, मी म्हणत होतो ना, विशालभाऊ असा नाई," म्हणाला. यादीवर ज्याने मुभा काढा म्हटलं होतं त्याने माफी मागितली. रेघा परत दोन-दोन करायला बसलो. खाली वामन घातलं. ते नाव तिथे परक्यासारखं दिसतं.

१२ ऑक्टोबर

मार्टाचं उत्तर. सुट्टीवरून आजच परतली. चार ओळी. तिला फेब्रुवारीपासून माहीत होतं — माझ्या मुलीने कळवलं होतं.

सोनालीला फोन लावला. म्हणाली, "कम्प्युटरवरची तुमची पत्रं मीच वाचून दाखवली आईले, मंग तिनंच लिहाले लावलं बाबा. आई म्हणे, त्या बाईले सांग, पोरगा गेला माहा, त्याचे बाबा त्याच्या नावानं काम करून राहिले. तिनं त्यायले विशालच म्हणत जावं. नाई तं हा माणूस बी जाईन."

आणि मी समजत होतो, मी तिच्यापासून लपवतोय! कुसुम अंगणात कपडे वाळत घालते आहे. अजून तिला काही बोललो नाही. जातो, बादली धरतो.