कुशीवरचा गर्डर

३ नोव्हेंबर
थायनानमध्ये गच्च्यांना काय तोटा होता? मामाने पत्र्याच्या खोलीचं काम घेतलं ते नेमकं पेइ-जुंगच्या घरावर, आणि वेल्डिंगला मी! लग्नानंतर ती आणि तिचा तो काओश्युंगवाला तिथेच राहणार — एकुलती एक ना. जाऊ दे. निदान गल्लीत दिसेल तरी.

५ नोव्हेंबर
तिच्या आईचा, लो-काकूंचा हुकूम — पलंगावर तुळई दिसायची नाही, नवरा-बायकोवर भार येतो. मामाने सुपारी चघळत लोखंडी गर्डर कुशीवर निजवला, खालून छत ठोकलं. दडला! आणि त्याच्यावर पाण्याची टाकी.

६ नोव्हेंबर
कॉलेजची वही काढली. सेक्शन मॉड्युलस — वाकवणाऱ्या जोराला याने भागलं की ताण निघतो. एकक घन सेंटीमीटर, आणि आत काही मावत नाही! यावरच परीक्षेत घसरलो होतो. घन मिलिमीटर करताना हजाराऐवजी दहाने गुणलं. सरांनी वर्गात वाचून दाखवलं. पेपर फाडून बाहेर पडलो, तो बाहेरच.

आज तीनदा तपासलं. गर्डर उभा — १८४. कुशीवर — २६.८. लोखंड तेवढंच! टाकीचा जोर एक लाख किलो-सेंटीमीटर. उभा असता तर ताण ५४३. आता ३७३१. पोलाद २५००लाच हात टेकतं.

७ नोव्हेंबर
मामा म्हणाला, "अर्ध्या कॉलेजात एवढंच शिकवतात होय रे? उभा केला तर दिसेल. मग काकू लेकीला इथे निजू देतील? धाडतील काओश्युंगला!"

पेइ-जुंगने कागद बघितलासुद्धा नाही. "लग्न मोडायचंय तर सरळ बोल. गर्डरच्या आडून कशाला?"

८ नोव्हेंबर
जळतोच आहे मी. म्हणून २६.८चे १८४ होत नाहीत.

१० नोव्हेंबर
उद्या मुहूर्तावर पलंग मांडायचा. सकाळी कुणाला न विचारता खोलीला बाहेरून कडी घातली, टाकी भरायला नळ सोडला. खिडकीशी उभा राहिलो. पाऊण टाकी भरली — आणि छताचं पोट सुटलं. तडा! काकू किंचाळल्या. मामाने सुपारी थुंकली. "नळ बंद करा आधी, इंजिनियरसाहेब."

पेइ-जुंग माझ्याकडे बघत होती.

१३ नोव्हेंबर
नवा गर्डर उभा बसवला. वेल्डिंग माझ्या हातचं. पलंगाच्या जागेवर ढळढळीत दिसतो.

१४ नोव्हेंबर
पेइ-जुंग काओश्युंगलाच राहणार. खोली रिकामी. काकू म्हणाल्या, "तू राहतोस का रे? एकट्यावर काय भार यायचाय!"

हो म्हणालो.