हाक मारल्याशिवाय आत नाही

शके १७८५, मार्गशीर्ष शु. ५. अमरावती.
अकोल्याहून सासऱ्यांचा निरोप: पहिलटकरीण आहे, माहेरी पाठवा. नकार कळविला. रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरलेला. बरा छकडा भाड्याने मिळत नाही, मिळालाच तर मणके खिळखिळे करणारा. शिवाय प्रसूतिशास्त्र मी मुंबईस शिकलो ते परक्यांच्याच बायकांसाठी काय? सौ. रात्री जेवली नाही.

मार्ग. व. २.
दवाखान्यात रेच्यावर कापसातली सरकी काढणारे मजूर. सर्वांचा एकच खोकला, भुवया पांढऱ्या. घरी पूर्वेच्या खोलीस चुना दिला. सुताराने पलंग आणला. इंग्रजी पद्धतीने डाव्या कुशीवर निजवून सोडवणूक करावयाची, त्याची मापे मीच दिली होती. उंची चुकली. परत पाठविला. आई म्हणाली, "जमिनीवर काय कमी जन्मले?" उत्तर देण्यासारखा प्रश्न नव्हे.

पौष शु. ४.
मुलगी येत नाही म्हणून अकोलेकरांनी सुईण धाडली. नाव भागी. सौ.चा जन्मही तिच्याच हातचा. कापूस उतरवून रिकाम्या परतणाऱ्या गाडीत बसून आली. अंगणातूनच ओरडली, "जावईबापू, पोरगी वाळली ना हो! पुस्तकं चारून राहिले का तिले?" सौ. हसली. पुष्कळ दिवसांनी.
भागीस स्पष्ट सांगितले की ती मदतनीस. मी सांगेन तेवढेच करावयाचे. नखे कापावयास लावली. निमूटपणे कापली. एवढ्यावरून समाधान मानणे घाईचे होईल.

पौष शु. ११.
आईने बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीत चिंध्यांचे बोळे कोंबले. वारा बाधतो म्हणे. भागीने ते ओढून काढले. "पोरीले घुसमटते. म्या इचारलं तिले."
आई: "सुनेला विचारून बाळंतपणं होतात का आमच्यात?"
"मंग कोनाले इचारू, आईसाहेब? पोट तिचं हाय."
आई रागाने माजघरात निघून गेली. मला मात्र आनंद झाला. बाई अडाणी, पण तर्कशुद्ध. शिकविल्यास दवाखान्याच्या उपयोगी पडेल.

पौष व. ३.
वरील मत मागे घेतो. पलंग दुरुस्त होऊन आला, सौ.ने त्यावर एकदा निजून पाहिले आणि नको म्हणाली. तिला उकिडवे बसून, दोर धरून बाळंत व्हावयाचे आहे. भागीने तुळईला दोर बांधूनही टाकला. मी डाव्या कुशीचे फायदे क्रमाने सांगितले. सौ.ने सर्व ऐकून घेतले, मग म्हणाली, "कुशीवर मले भिंत दिसते नुस्ती. कोनाचं तोंड दिसत नाही." भागी आल्यापासून तिची भाषा बिघडली आहे.
भागीला म्हटले, समजाव तिला. म्हणते, "बोळे काढले तवा तुमी खुश होते, जावईबापू. आता कावून रागावता? तवाबी मी तिचंच आयकलं, आताबी तिचंच."

पौष व. ९.
गंभीर. भागी म्हणते डोके वर आहे. मी तपासावयास गेलो तर मला म्हणाली, "पहिले इचारा तिले." स्वतःच्या पत्नीची परवानगी मागितली. मिळाली. डोके वरच. मूल पायाळू येणार.
बाहेरून हाताने फिरविण्याची क्रिया आहे, ती सुचविली. भागीने सौ.च्या उशाशी बसून दोन्ही बाजू मांडल्या. "जावईबापू म्हनतात, फिरवून पायतो. फिरन, नाहीबी फिरन. मी म्हनतो, राहू दे. पायाळू काढले म्या. त्यातलं एक गेलंबी. आता तू सांग." गर्भिणीसमोर असे बोलावे? तिला थांबविले. सौ. म्हणाली, बोलू द्या. मग मलाच, "तुम्ही किती वेळा फिरवलंय?"
फिरविलेले नाही, मुंबईस गुरुजींनी फिरविताना पाहिले आहे. तसे सांगितले.
"मग नको."
तिची अट: सोडवणूक भागी करील. मी दाराबाहेर. ती हाक मारील तेव्हाच आत. रुग्णाने वैद्यास अट घालावी असे माझ्या वाचनातल्या कोणत्याही ग्रंथात नाही. तिचे वय सतरा. मी अट मान्य केली. कारण लिहू पाहतो तर —

माघ शु. २.
पहाटेपासून कळा. दवाखाना सहकाऱ्यावर सोपविला. हत्यारे पुसून पेटीत घातली, दाराबाहेर बसलो. सौ.चा आवाज मोठा. एवढा मोठा आहे हे ठाऊक नव्हते. दोनदा उठलो. दोनदा बसलो.
दुपारी हाक आली: "अहो, या!" आई दारात आडवी झाली. पुरुषाने या खोलीत? विटाळ? तिला बाजूस सारून आत गेलो. भागीने माझ्याकडे पाहिले नाही. "पेटी बाहीर ठेवा. तिले टेकाले पाठीमागं मानूस पायजे. माही पाठ भरली आता."
म्हणजे वैद्यास बोलाविलेच नव्हते. सौ.च्या मागे बसलो. तिने सर्व भार माझ्या छातीवर टाकला. पाय आले, असे भागी म्हणाली. मला काही दिसत नव्हते, सौ.ची मान आणि दोर तेवढा दिसत होता. "हात नाही लावत, आपसूक येऊ द्या," भागी म्हणाली. ओढत का नाही, म्हणून मी ओरडलो असेन. सौ. म्हणाली, "गप बसा."
मुलगी. निळसर. भागीने चोळली, फुंकर घातली. रडली, क्षीण, पण रडली.
वार पडलेली नाही. बराच वेळ झाला. रक्त थोडे जास्त आहे. किती जास्त, ते आतून तपासल्याशिवाय सांगता येत नाही. हात घालून काढावी असे माझे मत, तसे सांगितले. भागी म्हणाली, वाट पाहू. दोघेही सौ.कडे पाहू लागलो. ती पांढरी पडली होती, पण शुद्धीत. म्हणाली, "जरा दम खाऊ द्या मले. बाहेर बसा. लागलं तर सांगतो."
बाहेर येऊन हे लिहीत आहे. मुलगी पुन्हा रडली. सौ.चा आवाज नाही. भागीला दाराआडून विचारले, ती काय म्हणते?
"थांबा म्हनते."
थांबलो आहे.