बोडीतला मांडव

दि. ९ जून २०२५

चि. सौ. रविता हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मध्येच हसतेस, म्हणून पत्र. रायपूरला सगळे खुशाल असालच.

आपल्या भागाचा विकास आराखडा हरकतींसाठी लागला आहे. त्यात आपली धानासाठी पाणी साठवायची बोडी पिवळी रंगवली आहे. पिवळा म्हणजे तिथे घरे होणार. भाव चौपट झाला. टिकेशने तर पावलांनी मोजून स्वयंपाकघरही ठरवले. सूनबाई रुचीला पोळ्याच्या सुमारास बाळ होईल आणि आम्ही चौघे दोन खोल्यांत, तेव्हा पोराचेही चुकत नाही.

पण तुझ्या वहिनीने हरकत दिली आहे. बोडी तिच्या नावावर. ती म्हणते, माझी जमीन पुन्हा हिरवी करा, शेतीतच ठेवा. गाव म्हणते, लक्ष्मी कुंकू लावायला आली तर ही तोंड धुवायला गेली.

खरे तुलाच सांगतो. गेल्या सालच्या वैशाखात टिकेशचा मांडव रिवाजाप्रमाणे कोरड्या बोडीतच घातला होता. त्याच दिवशी आराखड्याचे पाहणीवाले आले. मी त्यांना पंगतीला बसवले. जागा कसली, असे त्यांनी विचारले. पाहुण्यांसमोर बोडी म्हणायला लाजलो आणि ऐटीत मैदान म्हणालो. त्यांनी तेच लिहून घेतले आणि मोकळी जागा म्हणून बोडी पिवळी झाली. हे कळल्यापासून सुशिला ताट वाढते, पण बोलत नाही.

तुझा,
भोजराज दादा

दि. १७ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचूनही हसलेच. चाळीस वर्षे पोरांच्या चुका लाल शाईने दाखवल्यास आणि स्वतः मात्र पंगतीत नापास झालास.

वहिनीचा राग मला पटतो. बोडीची पाळ फोडली की पहिले पाणी सगळ्यांत खालच्या, बकारामभाऊंच्या धानाच्या बांधीला. मालकाची बांधी शेवटी. बाबांची ही रीत वहिनीनेच टिकवली, तू तर शाळेत असायचास. तिथे घरे झाली तर खालच्या अकरा बांध्यांतले धान वाळेल. सुनावणीत उभा राहून खरे सांग. नाहीतर वहिनी जन्मभर मुकी राहील आणि ते तुला झेपायचे नाही.

टिकेश मग राहील कुठे, याचा मात्र मला घोर लागला आहे.

तुझी,
रविता

दि. ५ जुलै

चि. सौ. रविता हिस आशीर्वाद.

सुनावणी झाली. घरे नकोत तर गावाने वाढायचे कसे, असे साहेबांनी विचारले. तुझ्या वहिनीने बोटांवर मोजून सांगितले की गावठाणात सतरा घरे कुलपात आहेत आणि नऊ जागा रिकाम्या. तिथवर रस्ता आहे, नळ आहे, लाइट आहे. ते सोडून तुम्ही धानात कायले घुसून राहिले, असे तिने उलट विचारले. आधी गाव आतून भरा, जागा अडवून बसलेल्यांची घरपट्टी वाढवा, आणि सुरुवात माझ्या नणंदेपासून करा, असेही म्हणाली. सगळी कचेरी हसली. मला मात्र तिच्या पाया पडावेसे वाटले.

मग साहेबांनी कागद उलटले. इथे मैदान लिहिले आहे, ते कोणी सांगितले, असे विचारले. तिने माझे नाव घेतले नाही, माझ्याकडे पाहिलेही नाही. मी उठलो. मांडवासकट सगळे सांगितले. बोडी हिरवी करण्याची शिफारस झाली आहे. ग्रामसभेतही रिकाम्या जागांची घरपट्टी वाढवायचा ठराव झाला, तेव्हा गावठाणातल्या तुझ्या जागेचीही वाढेल. रागावू नकोस.

परतताना बसमध्ये तिने मला विचारले की छत्री आणली का. महिनाभरातले तिचे पहिले वाक्य.

भोजराज दादा

दि. १४ जुलै

सौ. सुशिलावहिनींस,
सा. न. वि. वि.

कचेरीत माझे नाव चांगलेच गाजवलेत! पण खरे तेच बोललात. आईने दिलेली ती जागा मी तीस वर्षे धरून बसले. विकवत नव्हती, आणि बांधायला मी तिथे नव्हते. माहेरचे तेवढेच माझ्या नावाचे होते, म्हणून जीव अडकला होता.

ती टिकेशच्या नावे करा. सही करून कागद सोबत पाठवते. मी आले की पाठ टेकायला एक कोपरा ठेवा, एवढेच मागणे.

तुमची,
रविता

दि. २ सप्टेंबर

सौ. रविताबाईंस,
स. न. वि. वि.

मला लिहायची सवय नाही, चुकले तर समजून घ्या. रुचीला मुलगी झाली. नाक थेट तुमचे आहे.

दहा दिवस पाऊस नव्हता म्हणून बोडी फोडली. पहिले पाणी बकारामभाऊंच्या बांधीला गेले. कुदळ घेऊन तुमचे दादा स्वतः गेले होते. कोणी विचारले नाही तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला, ही बोडी आहे, बोडी, असे सांगत होते.

तुमचा कागद परत पाठवते. तुमच्या जागेवर घर टिकेश बांधेल, घरपट्टीही तोच भरेल. पावती मात्र तुमच्याच नावाने फाटेल, असे मी पंचायतीत सांगून आले. ती मी पोस्टाने पाठवणार नाही. दरसाल घ्यायला तुम्हालाच यावे लागेल.

लोभ आहेच, तोही घरपट्टीसारखा वाढू द्यावा.

तुमची,
सुशिला